अभिवेदन टपालात, माणूस तुरुंगात

महोदय,

स्थानबद्ध, म्हणजे खटला न चालवता खबरदारी म्हणून डांबलेल्या, व्यक्तीची हेबियस कॉर्पस याचिका (बेकायदा कैदेतून सोडवण्याची मागणी) राज्यघटनेच्या अनुच्छेद २२६ खाली उच्च न्यायालयात येते, तेव्हा त्या माणसाने काय केले याचा निवाडा होत नाही. त्याला डांबण्याचा आदेश कायद्याला धरून आहे का, एवढेच पाहिले जाते. आणि तो आदेश अनेकदा कागदांच्या प्रवासात कोसळतो. अनुच्छेद २२(५) नुसार स्थानबद्धतेची कारणे लवकरात लवकर, त्याला समजेल अशा भाषेत मिळायला हवीत आणि त्यावर अभिवेदन, म्हणजे आदेशाविरुद्धचे लेखी म्हणणे, शासनाकडे करता आले पाहिजे. ते तो कारागृह अधीक्षकांकडे देतो. पुढे? २०२४ मध्ये सर्वोच्च न्यायालयासमोर आलेल्या एका प्रकरणात तुरुंगातून साध्या टपालाने पाठवलेले अभिवेदन महिनोन्‌महिने पोहोचलेच नाही. आदेश रद्द झाला. तोवरचे दिवस मात्र त्याने आतच काढले होते.

उपाय साधा आहे. अभिवेदन हाती येताच त्यावर तारीख-वेळेचा शिक्का, त्याच दिवशी स्कॅन करून ईमेल, आणि पोच स्थानबद्धाच्या हातात. न्यायालयात विलंबाचा खुलासा शासनालाच करावा लागतो. जावक नोंदवहीतली एक कोरी ओळही तिथे महागात पडते.

दुसरे दुखणे तारखांचे. एमपीडीए या महाराष्ट्राच्या स्थानबद्धता कायद्याखाली स्थानबद्धतेची कमाल मुदत १२ महिने. प्रतिज्ञापत्रासाठी शासनाने दोन-तीनदा मुदत मागितली की सुनावणीआधीच ती संपत येते आणि याचिका निरर्थक ठरते. अशा याचिकेत पहिल्याच तारखेला मूळ नस्ती (फाईल) हजर करायला लावावी.

— एक वाचक