वाटा नव्हे, तूट आधी ठरवा

मा. संपादक,

सामाईक नदीच्या पाण्यावर करार करताना सारी शक्ती 'कोणाला किती' यावर खर्च होते. पाणी कमी आले तर तूट कोणी किती सोसायची, हे लिहायचे राहून जाते आणि भांडण पेटते ते तिथेच. अमेरिकेतील कोलोरॅडो नदीचे वाटप 1922 मध्ये ठरले, तेव्हा वरच्या आणि खालच्या खोऱ्याला दरवर्षी प्रत्येकी 75 लाख एकर-फूट (एक एकरावर एक फूट उभे राहील एवढे पाणी म्हणजे एक एकर-फूट) पाणी ठोक आकड्याने दिले. हिशेबाला धरलेली वर्षे चांगल्या पावसाची होती. नदी पुढे सरासरीने तेवढी वाहिलीच नाही, कागदावरचा हक्क मात्र तसाच राहिला.

गंगेवरील फराक्का बंधाऱ्याच्या पाण्याचा 1996 चा भारत-बांगलादेश करार यापेक्षा शहाणा वाटतो. जानेवारी ते मे या काळात दर दहा दिवसांचा प्रवाह पाहून वाटणी होते. 70 हजार क्युसेकपर्यंत (क्युसेक म्हणजे सेकंदाला एक घनफूट) निम्मे-निम्मे. 70 ते 75 हजारांत बांगलादेशला 35 हजार, उरलेले भारताला. त्यावर भारताला 40 हजार, बाकी बांगलादेशला. प्रवाह 50 हजारांच्या खाली गेला तर मात्र आकडा नाही, तातडीने सल्लामसलत एवढेच. खरी गरज असते ती नेमकी तेव्हा!

सूत्र कितीही चांगले असो, मोजणीवर विश्वास नसेल तर ते निरुपयोगी. पात्राचे आडवे वीसेक भाग पाडून प्रत्येक भागाची खोली आणि वेग घ्यावा लागतो. उथळ पाण्यात वेग पृष्ठभागापासून खोलीच्या 0.6 वर मोजतात, खोल पाण्यात 0.2 आणि 0.8 वर मोजून सरासरी काढतात. रोजचा विसर्ग, म्हणजे वाहणारे पाणी, मात्र पातळी वाचून 'एवढ्या पातळीला एवढे पाणी' सांगणाऱ्या तक्त्यावरून काढतात. मोठ्या पुरात गाळ बसतो किंवा तळ खरवडला जातो आणि जुना तक्ता खोटा ठरतो. मग दोन्ही बाजू प्रामाणिक असूनही आकडे जुळत नाहीत. म्हणून पुरानंतर दोन्हीकडच्या कर्मचाऱ्यांनी एकत्र मोजणी करावी, नोंदवही एकच ठेवावी आणि सह्या जागेवरच कराव्यात.

आणखी एक कलम हमखास सुटते, ते वहनव्ययाचे, म्हणजे वाटेत होणाऱ्या घटीचे. कोरड्या पात्रात पाणी सोडले की पहिले काही दिवस ते वाळूतच मुरते, वाटेतले पंप उचलतात ते वेगळेच. सोडलेले पाणी धरणाच्या दाराशी मोजायचे की खालच्या हद्दीवर आणि मधली घट कोणाच्या खाती घालायची, हे करारात स्पष्ट हवे. आणि ही बोलणी धरणे भरलेली असतानाच उरकावीत; टंचाईत कोणालाच एक थेंबही सोडवत नाही.

– जलमापन क्षेत्रातील एक वाचक