इंद्रधनुष्य कोणी उसवले?

मा. संपादक,
स. न. वि. वि.

बुद्धीने कवितेचा गळा घोटला, अशा सुराचा लेख आपल्या रविवारच्या पुरवणीत वाचला. न्यूटनने इंद्रधनुष्यातले काव्य संपवले असे इंग्रज कवी कीट्स म्हणाला, तेव्हा कवीने कुठल्या बाजूला उभे राहायचे ते ठरलेलेच आहे, असे लेखकाचे म्हणणे. मी एकतीस वर्षे शाळेत विज्ञान शिकवले, त्यामुळे न मागताच न्यूटनच्या पक्षात जमा आहे. पण कीट्सही माझ्या उशाशी असतो, म्हणून लिहितो.

लेखात सांगितलेले जेवण २८ डिसेंबर १८१७ चे, लंडनला चित्रकार हेडनकडचे. त्याच्या अपुऱ्या, अवाढव्य चित्रात येशू जेरुसलेमात शिरतो आहे आणि बघ्यांच्या गर्दीत न्यूटनचा चेहरा आहे. पाहुण्यांपैकी निबंधकार चार्ल्स लॅमला थोडी चढली होती. त्रिकोणाच्या तीन बाजूंइतके स्वच्छ दिसल्याशिवाय कशावरच विश्वास न ठेवणारा हा इसम इथे कशाला, म्हणून तो हेडनवर घसरला. बावीस वर्षांच्या कीट्सने इंद्रधनुष्याचे ते वाक्य बोलून त्याची री ओढली. मग न्यूटनच्या नावाने आणि गणिताचे वाटोळे होवो म्हणून पेले उंचावले गेले.

लेखक इथेच थांबतात. हेडनने मात्र पुढे एका पत्रात, त्या जेवणाला हजर असलेल्या कवी वर्ड्सवर्थला आठवण करून दिली आहे की, पेला तोंडाला लावण्याआधी तू अडून बसलास, आधी कारण सांगा म्हणालास. अडणारच! केंब्रिजात शिकताना वर्ड्सवर्थला उशीवरून ट्रिनिटी कॉलेजच्या चॅपेलचा न्यूटनचा पुतळा असलेला भाग दिसे. हातात लोलक धरलेला तो मूक चेहरा त्याने आपल्या आत्मकथनपर काव्यात आणला आहे. न्यूटन वारला त्या १७२७ सालीच थॉमसन नावाच्या कवीने प्रकाशाच्या वक्रीभवनाचा नियम सुंदर आहे, असे कवितेतच म्हटले होते.

आणि कीट्स तरी कोण? लंडनच्या गाइज हॉस्पिटलात जखमांच्या पट्ट्या बांधलेला, १८१६ मध्ये औषधे देण्याचा परवाना मिळवलेला माणूस. त्याच्या १८२० च्या 'लेमिया' या कवितेत तत्त्वज्ञान इंद्रधनुष्य उसवते ही तक्रार आहे, हे खरे. पण ती गोष्ट शेवटपर्यंत वाचावी. भर लग्नात म्हातारा तत्त्वज्ञ नवरीकडे रोखून बघतो, ही नागीण आहे म्हणतो, आणि ती नाहीशी होते. म्हातारा खोटे बोललेला नाही, ती नागीणच होती. नवरदेव मात्र त्याच रात्री मरतो. कीट्सला सलत होते ते हे. कोणाच्या बाजूने हात वर करायचा, हे त्या कवितेने मला अजून सांगितलेले नाही.

शाळेच्या अंगणात मी सकाळच्या उन्हाकडे पाठ करून नळीने पाण्याचे तुषार उडवीत असे. तांबडा रंग सूर्याच्या बरोबर विरुद्ध दिशेपासून बेचाळीस अंशांच्या आसपास दिसतो, हे फळ्यावर आधीच लिहिलेले. एकदा सातवीतली एक मुलगी दोन पावले बाजूला सरकली आणि ओरडली, "सर, माझं धनुष्य माझ्याबरोबर येतंय!" तिचे बरोबर होते. शेजारी उभ्या असलेल्या दोघांना एकच धनुष्य दिसत नाही, कारण प्रत्येकाच्या डोळ्यात येणारा प्रकाश वेगळ्या थेंबांतून येतो. हे मला भूमितीने सांगितले. तोवर कुठल्याही कवितेत मी ते वाचले नव्हते.

बालकवींच्या श्रावणात 'इंद्रधनूचा गोफ दुहेरी' विणलेला आहे. कोणी म्हणेल, दुहेरी हा गोफाचा पीळ. मी आपला दोन धनुष्ये असा अर्थ घेतो (मास्तरकीची खोड). वरचे धनुष्य फिकट असते आणि त्यातले रंग उलटे, हे बाहेर जाऊन पाहणाऱ्यालाच कळते.

जाता जाता एक दुरुस्ती. लेखासोबतच्या चित्रात तांबडा पट्टा आतल्या कडेला आहे. तो तिथे असतो त्या दुसऱ्या, वरच्या धनुष्यात. आपण एकच छापले आहे.

आपला,
एक निवृत्त विज्ञान शिक्षक, वाई