पिशवी क्रमांक ३७

कोलंबस, ओहायो
१९ डिसेंबर

ती. आई आणि बाबा यांस,
साष्टांग नमस्कार.

गेले तीन आठवडे फोनवर मी "हो, बरी आहे, उद्या बोलते" यापलीकडे गेले नाही. रविवारी बाबा म्हणालात, "वाटप करतेयस की निवडणूक लढवतेयस?" सरकारच्या ताब्यातल्या किशोरवयीन मुलांना नाताळच्या भेटी म्हणून द्यायच्या पिशव्यांपैकी शेवटची काल संध्याकाळी घराबाहेर पडली आणि महिन्याभराने आम्हाला आमचा सोफा दिसला. आज बसून सगळं नीट लिहिते. फोनवर सांगायला गेले की आई मध्येच "जेवलीस का?" विचारते आणि मी कुठे होते तेच विसरते.

आणि आई, तुझ्याशी आधी बोलायचंय. डिसेंबरात येते म्हणून सांगितलं आणि तिकीट जानेवारीवर ढकललं, तेव्हा तू नुसतं "बरं" म्हणालीस. ते "बरं" मला चांगलं ओळखू येतं. तेव्हा हे पत्र म्हणजे थोडी सफाईच समज.

बाबांचा पहिला प्रश्न होता, ती मुलं अनाथ आहेत का? बहुतेक नाहीत. आईबाप असतात, पण घरात मूल ठेवणं धोक्याचं आहे असं कोर्टाला वाटलं की मूल काढून दुसऱ्या कुटुंबात, नातेवाइकांकडे किंवा ग्रुप होममध्ये, म्हणजे अशी बरीच मुलं एकत्र राहतात तिथे, ठेवतात. खर्च सरकारचा, ताबा सरकारचा. यालाच फॉस्टर केअर म्हणतात. हेळसांड हे सगळ्यात मोठं कारण, आणि त्यामागे बऱ्याचदा नशा. ओहायोत आधी वेदनाशामक गोळ्यांनी आणि मग फेंटानिल नावाच्या कृत्रिम मादक द्रव्याने किती घरं मोडली याचा हिशेब नाही. २०२३च्या सप्टेंबरअखेर देशभरात अशी सुमारे ३ लाख ४३ हजार मुलं होती. त्यातली पुष्कळशी पुढे आपल्या घरी परत जातात. काही दत्तक जातात. आणि काही तशीच अठरा वर्षांची होतात. या शेवटच्या मुलांचं काय होतं, ते पुढे सांगते.

आता, लहान मुलं सोडून मोठीच का, हा आईचा प्रश्न. त्याचं उत्तर मला गेल्या वर्षी एका खेळण्यांच्या संकलनात हमाली करताना मिळालं. बाहुल्या, गाड्या, ठोकळे यांनी टेबलं भरून वाहत होती. खाली कोपऱ्यात यादीचा कागद पडला होता, त्यावर 'मुलगा, १६', 'मुलगी, १५', 'मुलगा, १७' अशा ओळी आणि पुढे काहीच नाही. देणाऱ्यांचा दोष नाही म्हणा. चार वर्षांच्या पोरीसाठी बाहुली घेताना माणूस स्वतःच खूश होतो. सोळा वर्षांच्या, मिसरूड फुटलेल्या, डोळ्याला डोळा न भिडवणाऱ्या मुलासाठी काय घ्यायचं हे त्याच्या सख्ख्या मावशीलाही सुचत नाही. इथली खेळणी गोळा करण्याची सगळ्यात मोठी मोहीम, 'टॉईज फॉर टॉट्स', १९४७ची, म्हणजे आपल्या स्वातंत्र्याच्याच वर्षाची. मरीन कोअरच्या राखीव दलातल्या एका मेजरच्या बायकोने बाहुली शिवली, आणि ती गरजू मुलांसाठीच्या संस्थेत पोचवायला नवऱ्याला सांगितलं, तर त्याला तसं काम करणारी संस्थाच सापडेना. त्यातून ती सुरू झाली. फार मोठं काम आहे, पण नावातच 'टॉट्स', म्हणजे चिमुरडी. दाढी करणारा चिमुरडा कोण मानणार?

तर सप्टेंबरात मी काउंटीच्या बालसेवा कार्यालयात गेले. (ओहायोत ८८ काउंटी आहेत, आपल्या जिल्ह्यांसारख्या, आणि मुलांचं हे काम काउंटीच्या पातळीवरच बघतात.) थेट मुलांपर्यंत जाता येत नाही, जाऊही नये. मुलाचं नाव, पत्ता, शाळा, फोटो यातलं काहीही आपल्याला मिळत नाही. केसवर्कर, म्हणजे त्या मुलांचं प्रकरण सांभाळणारे कर्मचारी, यादी देतात. त्यात क्रमांक, वय, कपड्यांचं आणि बुटांचं माप, आणि 'काय आवडेल?' या प्रश्नापुढे दोन ओळींची जागा. माझ्या यादीत ६२ क्रमांक होते.

त्यातल्या एकोणीस जणांनी त्या दोन ओळींत लिहिलं होतं, 'काहीही चालेल.'

मला आधी बरं वाटलं, म्हटलं गुणी मुलं आहेत, सोपं झालं. आमच्या केसवर्करबाई पंचवीसेक वर्षं यातच आहेत. त्या म्हणाल्या, "ज्यांना मागून मिळालेलं नसतं ती मागायचं सोडून देतात. शिवाय मागितलं तर जड वाटू, आणि जड वाटलो तर दुसऱ्या घरी पाठवतील, हा हिशेब त्यांच्या डोक्यात पक्का असतो." बाबा, मी त्या रात्री यादी घेऊन स्वयंपाकघरात बसले आणि प्रश्नच बदलला. 'काय हवं?' हे काढून टाकलं. त्याऐवजी विचारलं: रात्री झोपताना खोलीत थंडी वाजते का? केसांना काय लावतेस? कानात काय ऐकतोस, आणि सध्याचे हेडफोन कुठल्या बाजूने बिघडलेत? कोणत्या रंगाचा कपडा कधीच घालणार नाहीस? केसवर्करांनी तो कागद पुन्हा फिरवला, आणि या वेळी मुलांनी समासात, मागच्या बाजूला, उभं-आडवं लिहून पाठवलं. एकाने फक्त 'पिवळा नाही. कधीच नाही.' एवढं लिहून त्याखाली तीन रेघा ओढल्या होत्या. एका मुलीने केसांसाठी लागणाऱ्या वस्तूंची बारा नावं लिहिली. ती कृष्णवर्णीय, घर गोऱ्या माणसांचं. माणसं चांगली आहेत, पण तिच्या दाट कुरळ्या केसांना कोणतं क्रीम लागतं आणि रात्री साटिनची टोपी का घालावी लागते हे त्यांना ठाऊक नाही, आणि हिला सांगायला संकोच. त्या बारा वस्तू आणायला मी मैत्रिणीच्या मुलीला बरोबर घेऊन गेले. त्या दुकानातल्या बाईंनी यादी वाचून तेरावी वस्तू स्वतःहून घातली.

पैशांचं बाबांना सांगायलाच हवं, नाहीतर पत्र अर्धवट वाटेल. दर मुलामागे ७५ डॉलर, एक सेंट वर नाही. एका देणगीदाराला आपल्या क्रमांकाला महागडा टॅब्लेट द्यायचा होता. त्याच घरात आणखी दोन फॉस्टर मुलं आणि एक त्या घरचं स्वतःचं. सकाळी चौघांनी एकत्र पिशव्या उघडल्यावर काय होईल? गृहस्थ जरा रागावले, मग ऐकलं. देणग्यांची पावती मी देऊ शकत नाही, कारण मी कोण? कर-सवलत हवी तर देणगी नोंदणीकृत धर्मादाय संस्थेकडेच जावी लागते, आणि २५० डॉलर किंवा त्याहून जास्त दिले तर त्यांची लेखी पोच लागते. म्हणून पैसे एका संस्थेच्या खात्यात आणि मी नुसती खरेदी करणारी. गिफ्ट कार्डं मात्र माझ्या ताब्यात होती आणि त्यांनी माझी झोप उडवली. कार्ड म्हणजे रोख रक्कमच. दुकानात चालू करून घेतल्याची पावती नसेल तर ते निव्वळ प्लास्टिक, म्हणून प्रत्येक पावती कार्डालाच टाचली, वहीत क्रमांक लिहिला, मी आणि आणखी एकीने मोजून सह्या केल्या. तुम्ही बँकेत कॅश बंद करायचात तशीच. एक बरं आहे, २०१० पासून इथे कायद्याने गिफ्ट कार्डातल्या रकमेची मुदत निदान पाच वर्षं संपत नाही. काही मुलं ते कार्ड वर्षभर जपून ठेवतात म्हणे.

आलेल्या वस्तूंची मजा थोडक्यात सांगते. एका कार्यालयातून मोठ्या कौतुकाने चार खोकी आली, चारही मऊ अस्वलांची. कुणीतरी वापरलेला कोट दिला, त्याच्या खिशात नाटकाचं जुनं तिकीट. 'फक्त नवं, किमतीच्या चिठ्ठीसकट' हे मी पत्रकात तीन ठिकाणी लिहिलं होतं, पण पत्रकं कोण वाचतं? अस्वलं लहान मुलांच्या विभागाला गेली. कोट परत केला, तेव्हा त्या बाई म्हणाल्या, "गरजूंना एवढं चालत नाही?" मी काही बोलले नाही. आई, तू बोलली असतीस.

आणि आता माझी स्वतःची चूक. मी मोठ्या उत्साहाने केसवर्करबाईंना सुचवलं की मुलांनी देणाऱ्यांना दोन ओळींचं आभारपत्र लिहिलं तर किती छान, लोकांचा हुरूप वाढेल. त्यांनी पेन खाली ठेवलं. म्हणाल्या, "या मुलांना वर्षभर सगळ्यांचे आभारच मानावे लागतात. अंथरुणाचे, जेवणाचे, शाळेत सोडल्याचे. एक दिवस नको मानू देत." मी घरी येऊन आभारपत्रांचा छापलेला गठ्ठा रद्दीत टाकला.

वस्तू गुंडाळायच्या नाहीत हाही नियम. आईला हे मुळीच पटणार नाही, मलाही नव्हतं पटलं. पण रंगीत कागद, फीत, चिकटपट्टी पिशवीतच घालायची, म्हणजे घरचे लोक आत काय आहे ते बघतात, स्वतः बांधतात, आणि मूल ती वस्तू आपल्या घरातल्या माणसाच्या हातून घेतं. माझ्या हातून नव्हे. ग्रुप होममध्ये आणखी तपासणी असते. काही ठिकाणी काचेची अत्तराची बाटली किंवा फवाऱ्याचा डबा चालत नाही. ते आधी विचारलं म्हणून बरं, नाहीतर चार मुलांच्या पिशव्या दारातच अर्ध्या झाल्या असत्या.

सगळ्यात जास्त धावपळ कशाची झाली सांगू? मुलं जागेवर राहत नाहीत. सप्टेंबरची यादी डिसेंबरात तशीच्या तशी कधीच उरत नाही. ६२ पैकी नऊ जणांचं घर बदललं, दोघं आपल्या आईकडे परत गेली, आणि एकाचा पाय दोन मापांनी वाढला. म्हणून पत्ता पिशवीवर लिहायचाच नाही, फक्त क्रमांक. पिशवी मुलाच्या मागे जाते. शिवाय सहा जादा पिशव्या बिनक्रमांकाच्या तयार ठेवल्या. नाताळच्या आदल्या रात्रीही मुलं काढून आणावी लागतात, आणि ती कुठल्याच यादीत नसतात.

आता क्रमांक ३७ बद्दल. वय १७, मुलगी, मार्चमध्ये अठराची होईल. ओहायोत २०१८ पासून 'ब्रिजेस' नावाची योजना आहे, अठराव्या वर्षी फॉस्टर केअरमधून बाहेर पडणाऱ्यांना एकविसाव्या वर्षापर्यंत राहण्या-शिकण्याला हातभार लावते, पण त्यासाठी शिक्षण किंवा नोकरी अशा अटी असतात आणि स्वतःहून नाव घालावं लागतं. आपल्या घरात अठरा वर्षांची मी कॉलेजचा फॉर्म भरायलाही बाबांना बरोबर नेत होते. तर या वयाच्या तिघांच्या पिशव्यांत मी तवा, टॉवेल, चादर, उशी असा संसारही घातला. ३७च्या कागदावर मात्र तसलं काही नव्हतं. तिने लिहिलं होतं, 'बॅग. कचऱ्याची पिशवी नको. बॅगेवर माझं नाव.'

ही मुलं एका घरातून दुसऱ्या घरी जाताना त्यांचं सामान बऱ्याचदा काळ्या कचऱ्याच्या पिशवीत भरून जातं. मला हे ऐकून माहीत होतं, तिच्या अक्षरात वाचलं नव्हतं.

बॅग घेतली, चाकांची, गडद हिरवी, चांगली दणकट. पण नाव? ते मला कळणार नाही, कळूही नये. दुकानात अक्षरं विणून देतात, केसवर्करबाई परस्पर करून घेईन म्हणाल्या. मग त्यांची दोन दिवस कोर्टात तारीख लागली आणि मुदत गेली. शेवटी मी बॅगेला कापडाची कोरी पट्टी शिवली, हाताने, दुहेरी टाका, तू शिकवलास तसा, आणि बाहेरच्या कप्प्यात कपड्यावर न पुसणारी दोन पेनं ठेवली, एक चंदेरी आणि एक पांढरं. बरोबर जादा कोऱ्या पट्ट्या. काल ती पिशवी गेली. पुढचं मला कळणार नाही.

आई, मी पहिल्यांदा इकडे आले तेव्हा तू दिलेला स्टीलचा डबा अजून आहे. तू त्यावर माझं नाव घालून घेतलं होतंस, आणि मी चिडले होते, की परदेशात कोण चोरणार आहे डबा? आता घासून घासून मधली दोन अक्षरं पुसट झालीत. मी १२ जानेवारीला पोचते, डबा बरोबर आणते. तो नाव घालणारा मंडईबाहेर अजून बसतो का, तेवढं बघून ठेव.

बाबा, गुडघ्याचा पट्टा आणि तुम्ही सांगितलेलं भिंग घेतलंय. दुसरं काही हवं असेल तर या आठवड्यात कळवा, आणि 'काहीही चालेल' असं कळवू नका.

तुमची,
धाकटी