हझान म्हणून उभा राहणाऱ्या मुलास

चि. बाळ यास,
ठाण्याहून बाबाचे अनेक आशीर्वाद.

दारफाळणीच्या सणाला, म्हणजे योम किप्पूरच्या उपासाला, इस्राएलातल्या अश्दोदच्या सिनेगॉगमध्ये (आपल्या प्रार्थनामंदिरात) तू हझान म्हणून, सगळ्यांची प्रार्थना चालवायला उभा राहणार, हे कळल्यापासून तुझ्या आईला आभाळ ठेंगणं झालंय. मलाही फार आनंद झाला. तुझा गळा गोड आहे, म्हणूनच आताच सांगून ठेवतो, त्या दिवशी गळा दाखवू नकोस, तेफिला, म्हणजे प्रार्थना, चालव.

कोल निद्रे, म्हणजे सणाच्या संध्याकाळचं पहिलं म्हणणं, सूर्य मावळायच्या आत सुरू करायचं आणि तीनदा म्हणायचं. सेफर तोरा, म्हणजे आपल्या धर्मग्रंथाच्या हस्तलिखित गुंडाळ्या, बाहेर काढलेल्या, सगळी मंडळी उभी. अशा वेळी आवाज आपोआप चढतो. तिथेच तो संपवलास तर दुसऱ्या दिवशी नेइलाला, शेवटच्या प्रार्थनेला, काय उरेल? मधे सकाळची शाहरिथ, मग मुसाफ, दुपारची मिन्हा आणि घशाखाली पाण्याचा थेंब नाही. नेइलाला लोक उपासाने गळून गेलेले असतात. ‘एल नोरा अलिला’ हे नेइलाचं गीत साध्या चालीत धरलंस तर तेही बरोबर म्हणतील. हरकती घेतल्यास तर नुसते ऐकत बसतील.

आणि चाल आपलीच घे रे, आजोबा म्हणायचे ती. इकडून गेलेल्या म्हाताऱ्यांना तीच हवी असते.

तोरावाचनाचा सराव मात्र रोज हवा. सेफरमध्ये ना स्वरचिन्हं, ना चालीच्या खुणा. तिक्कूनमध्ये, म्हणजे सरावाच्या पुस्तकात, एका रकान्यात खुणांसकट मजकूर असतो, शेजारी बिनखुणांचा. त्या बिनखुणांच्या रकान्यावरूनच वाच, अडलास तरच बाजूला बघ. चुकीच्या उच्चाराने अर्थ बदलला तर शेजारचा टोकेल. तो शब्द पुन्हा नीट वाच आणि पुढे हो.

१७९६ साली सामाजी हसाजी दिवेकरांनी मुंबईत आपलं, बेने इस्राएलांचं, पहिलं सिनेगॉग बांधलं, तेव्हा आपल्यात रब्बी, म्हणजे धर्मगुरू, नव्हते. पुढे कोचीनचे ज्यू शिक्षक आणि हझान म्हणून आले. लग्न लावणं, पोरांना हिब्रू शिकवणं, कोशेर, म्हणजे धर्मनियमाला धरून असलेल्या, मटणासाठी बोकड कापणं, सगळं हझानकडेच यायचं. ज्यांना वाचता येत नसे ते कान देऊन ऐकत आणि आमेन म्हणत. त्यांचं मागणं हझानच्या तोंडून वर जाई, म्हणून त्याला एक शब्दही गिळायची मुभा नव्हती. तुलाही नाही.

मिन्ह्याला योना संदेष्ट्याचं पुस्तक कोण वाचणार ते आधी ठरवून घे. शोफार, म्हणजे फुंकायचं शिंग, तेही दुसऱ्या कुणाकडे दे, सगळं अंगावर घेऊ नकोस. शाब्बाथची, म्हणजे शुक्रवारची, रात्र सोडून कुठल्याही रात्री फोन कर, मला नेइला पूर्ण ऐकायची आहे.

तुझा,
बाबा