हप्ता भारतात गुंतवाल, पण पुनर्विम्याचे काय? : केंद्रीय अर्थमंत्र्यांना खुले पत्र

वडोदरा

माननीय अर्थमंत्री महोदया,

सविनय नमस्कार.

1 फेब्रुवारी 2025 च्या अर्थसंकल्पी भाषणात आपण विमा कंपन्यांतील परकीय गुंतवणुकीची मर्यादा 74 वरून 100 टक्के करण्याची घोषणा केलीत. अट घातलीत ती अशी, की जमा झालेला सगळा हप्ता भारतातच गुंतवायचा. विम्याच्या कामात असलेल्या आम्हा वडोदरेकरांना या अटीत एक मोठी फट दिसते.

कोयली-नंदेसरी पट्ट्यातल्या एखाद्या रासायनिक कारखान्याचा आगीचा विमा घ्या. 100 रुपये हप्त्यातले 4 रुपये सक्तीने जीआयसी री या सरकारी पुनर्विमा कंपनीकडे, म्हणजे विमा कंपन्यांच्या जोखमीचा विमा उतरवणाऱ्या कंपनीकडे, जातात. समजा, विमा कंपनीने 16 स्वतःकडे ठेवले. उरलेले 80 पुनर्विम्यापोटी परदेशातल्या तिच्याच मूळ कंपनीकडे गेले, तर गुंतवणुकीची अट त्यांना लागतच नाही. ते इथे थांबलेच नाहीत! धंद्यात याला फ्रंटिंग म्हणतात. जोखीम वाटून घेणे गैर नाही; एवढी मोठी आग एकट्या कंपनीला पेलत नाही. प्रश्न दराचा आहे. आजवर 'हा दर का?' असे विचारायला भारतीय भागीदार संचालक मंडळात बसलेला असे. आता देणारा आणि घेणारा एकच. नियमाप्रमाणे आधी देशातल्या पुनर्विमाकारांना विचारावे लागते, पण कोणी काय दर दिला हे विमेदाराला कधीच कळत नाही.

नुकसानभरपाईच्या वेळी हेच दुसऱ्या रूपात समोर येते. पुनर्विमा करारात 'क्लेम्स कंट्रोल'चे कलम असेल, तर सर्वेक्षकाचा अहवाल येऊनही मंजुरी परदेशातून यावी लागते. तोवर कारखाना बंद आणि बँकेचे व्याज चालू.

एआयजी या अमेरिकी विमा कंपनीचा इतिहास आठवा. 1919 साली शांघायमध्ये सुरू झालेल्या या कंपनीला 16 सप्टेंबर 2008 रोजी अमेरिकेच्या मध्यवर्ती बँकेने 85 अब्ज डॉलरचे कर्ज दिले. लंडनहून चालणाऱ्या विभागाचे क्रेडिट डिफॉल्ट स्वॅप, म्हणजे कर्ज बुडाल्यास भरपाई देण्याचे करार, सर्वांना आठवतात. पण तिच्या आयुर्विमा कंपन्यांचे रोखे उसने देऊन मिळालेली रोकडही गृहकर्जांच्या रोख्यांत अडकली होती, हे फार थोड्यांना माहीत आहे. भारतातल्या भागीदारीच्या विमा कंपन्यांत तेव्हा तिचा वाटा 26 टक्केच होता. आपल्याकडेही विमेदारांचा पैसा मालकांच्या इतर धंद्यांत वळत होता. तेव्हाचे अर्थमंत्री चिंतामणराव देशमुखांनी 1956 मध्ये आयुर्विम्याचे राष्ट्रीयीकरण केले, त्यामागे हे एक मोठे कारण होते.

म्हणून मागणी अशी: गटांतर्गत, म्हणजे मूळ कंपनीच्याच समूहातल्या, पुनर्विम्याचा हप्ता, कमिशन आणि वसूल झालेले दावे कंपनीने दर तिमाहीला वेगळे दाखवावेत. असा करार करण्यापूर्वी गटाबाहेरच्या किमान दोन पुनर्विमाकारांचे दर घ्यावेत आणि त्यावर स्वतंत्र संचालकांची सही असावी. परदेशी संमती आली नाही म्हणून विमेदाराची भरपाई रोखण्यास मनाई करावी. पुनर्विम्याची वसुली कंपनीने मागाहून करावी.

आपले,
वडोदऱ्यातील विमा व्यवसायातले काही जण