झाडणकामाचं नवं वेळापत्रक समजावून सांगणाऱ्या मॅडमना, मनापासून थँक्यू

नमस्कार मॅडम,

तुमचं नाव मुद्दाम लिहीत नाहीये, कारण तुम्हीच म्हणालात की आभार मानायचेच असतील तर डिपार्टमेंटचे माना. पण डिपार्टमेंटने काय केलं ते आम्ही पाहिलंय, एक पत्रक काढलं आणि खांबाला चिकटवलं. ते वाचून आमच्या गल्लीत कोणाला ओ की ठो कळलं नव्हतं, जे काय कळलं ते तुमच्यामुळे, त्यामुळे हे पत्र तुम्हालाच.

पत्रकात होतं तरी काय, तर रस्ता झाडायची गाडी आता दर आठवड्याला न येता "पाक्षिक" येणार, सम आणि विषम बाजू वेगवेगळ्या दिवशी, सकाळी, आणि खाली बारीक अक्षरात "हंगामानुसार बदल संभवतो". आता सम बाजू म्हणजे सम तारखेला गाडी हलवायची का सम घर नंबरवाली बाजू मोकळी करायची? आणि पाक्षिक म्हणजे दर चौदा दिवसांनी का पहिल्या-तिसऱ्या आठवड्यात? कारण ज्या महिन्यात पाच सोमवार येतात त्या महिन्यात ही दोन्ही गणितं वेगळी पडतात, आणि चुकीचं गणित धरलं की गाडी उचलून नेतात. ग्रुपवर नुसता गोंधळ, एक जण म्हणतो टॅक्स तेवढाच आणि झाडू अर्धा, दुसरा म्हणतो हे सगळं दंड गोळा करायला चाललंय, तिसरा नेहमीप्रमाणे गुड मॉर्निंग टाकतोय.

ऑफिसला फोन केला की "पत्रक वाचा" एवढंच उत्तर मिळायचं. तुमच्याकडे फोन कसा लागला देव जाणे, पण तुम्ही पत्रक वाचा म्हणाला नाहीत, तुम्ही विचारलंत "कुठली ओळ कळत नाहीये?" आणि नंतर स्वतः गल्लीत आलात, हे तर कोणी अपेक्षितच केलं नव्हतं.

तुम्ही आलात तेव्हा दोन्ही बाजूंना गाड्या लागलेल्या होत्या. तुम्ही आधी रस्त्याच्या मधोमध उभ्या राहिलात आणि म्हणालात इथे बघा, काय आहे? काहीच नव्हतं, स्वच्छ डांबर. मग दोन गाड्यांच्या मधून फुटपाथच्या कडेला गेलात आणि बुटाच्या टोकाने तिथली माती जरा खरवडलीत, काळी, पिठासारखी बारीक, मध्ये टायरचे बारीक तुकडे, वाळलेल्या पानांचा चुरा आणि बाटलीचं एक झाकण. रस्त्यावरची बहुतेक घाण या कडेच्या मीटरभर पट्ट्यात जमते, कारण चालत्या गाड्यांचा वारा आणि पावसाचं पाणी सगळं कडेलाच ढकलतं. आणि झाडायची गाडी दर आठवड्याला येऊन जिथे काहीच नाही तो मधला भागच पुसून जात होती, कारण कडेला आमच्या गाड्या. हे तुम्ही कोणाला न ओरडता सांगितलंत, हे विशेष.

मला सगळ्यात पटलं ते एका गाडीचं गणित. एक गाडी कडेला उभी असली की तेवढीच जागा झाडायची राहते असं वाटतं ना, पण ती मोठी मशीन जागेवर वळत नाही, तिला गाडीच्या बरंच आधी बाहेर यावं लागतं आणि पुढे गेल्यावर हळूहळू परत कडेला जावं लागतं, म्हणजे एका गाडीपायी पुढची-मागची जागाही तशीच राहते. तीन-चार गाड्या थोड्या थोड्या अंतरावर उभ्या असल्या की अख्खी बाजू गेली. म्हणून फेऱ्या निम्म्या केल्या पण एका वेळी एक बाजू पूर्ण मोकळी मागितली. ही आयडिया काही नवी नाही म्हणा, न्यूयॉर्कमध्ये १९५० पासून असंच आलटून पालटून चालतं आणि तिथले लोक अजूनही त्यावरून कुरकुर करतात, म्हणजे आपण एकटे नाही.

आणि वाचलेल्या फेऱ्या कुठे जाणार ते पण तुम्ही सांगितलंत, ते त्या बारीक अक्षरातल्या ओळीत लपलं होतं. पानगळीच्या दिवसांत गाडी जास्त वेळा येणार, आणि जमेल तिथे मोठ्या पावसाच्या आधी. मला आधी वाटायचं पानं म्हणजे काय, नैसर्गिक कचरा, पडला तर पडला. पण रस्त्यावरची पानं भिजली की चहाच्या पुडीसारखा त्यांचा अर्क पाण्यात उतरतो, त्यात फॉस्फरस असतो, आणि पावसाळी गटार जिथे सांडपाण्याच्या गटारापासून वेगळं असतं तिथे ते पाणी कुठल्याही शुद्धीकरणाशिवाय थेट नदीत नाहीतर तलावात जातं, मग तिथे शेवाळ माजतं. तुम्ही गेल्यावर मी यावर जरा वाचलं, अमेरिकेतल्या मॅडिसन शहरात पानगळीत प्रत्येक पावसाआधी रस्त्यावरची पानं उचलून बघितली तर वाहून जाणाऱ्या पाण्यातला फॉस्फरस तब्बल ८४ टक्क्यांनी कमी झाला होता. कडेच्या काळ्या धुळीचंही तसंच, ब्रेक घासून तांबं आणि टायर घासून जस्त त्यात येतं, आणि हे धातू जास्त करून बारीक कणांनाच चिकटलेले असतात, जे साध्या ब्रशवाल्या मशीनकडून नीट उचलले जात नाहीत, हवा ओढणारी मशीन त्यात बरी. आपल्याकडे कुठली येते ते तुम्ही सांगितलंत तेव्हा तुमचा चेहरा जरा पडला होता, पण असो, बजेट तुमच्या हातात थोडंच आहे.

पण नुसतं समजावून तुम्ही थांबला असतात तरी आम्ही थँक्यू म्हटलं असतं, तुम्ही पुढचं केलंत. गल्लीत रात्रपाळीवाले बरेच आहेत, ते घरी येतात आणि गाडी लावून झोपतात, आणि नेमकी तेव्हाच झाडणकामाची वेळ. तुम्ही ते ऐकून घेतलंत, रूटचा कागद काढलात आणि आमची गल्ली शाळेच्या गल्लीशी बदललीत. शाळेच्या गल्लीत तसंही मुलं यायच्या आत झाडून झालेलं बरं, मग तिथे मशीन आधी आणि आमच्याकडे उशिरा. फेरी तीच, ड्रायव्हर तोच, खर्च शून्य. एवढी साधी गोष्ट आधी कोणाला का सुचली नाही हा प्रश्न मी विचारणार होतो पण नाही विचारला.

मग ते पत्रक. नव्या पत्रकात सरळ लिहिलंय की पहिल्या आणि तिसऱ्या सोमवारी सम घर नंबरची बाजू, पहिल्या आणि तिसऱ्या मंगळवारी विषम, तारखेचा काही संबंध नाही, पाचव्या आठवड्यात मशीन येत नाही. हे वाचून पुन्हा कोणी ग्रुपवर प्रश्न टाकला नाही, आमच्या ग्रुपसाठी ही ऐतिहासिक घटना आहे. शिवाय सुरुवातीच्या फेऱ्यांना गाडी न उचलता काचेवर फक्त चिठ्ठी लावायची हे तुम्ही वरच्यांकडून मंजूर करून आणलंत, त्यासाठी किती ठिकाणी बोलावं लागलं असेल याचा अंदाज आहे. त्या चिठ्ठ्यांनी काम केलं. दंड बसला असता तर लोक भांडत बसले असते, चिठ्ठी बघून नुसते जरा ओशाळले आणि पुढच्या वेळी गाडी हलवली.

हातझाडूवाल्यांना पण थँक्यू सांगा. मशीन कोपऱ्यात शिरत नाही, गटाराच्या जाळीवर अडकलेला गोळा तिला निघत नाही, ते अजूनही माणूसच काढतो, आणि ज्यांना वाटतं मशीन आली म्हणजे ही माणसं मोकळी झाली त्यांनी एकदा सकाळी बाहेर येऊन बघावं. अंगणातली पानं ढकलून रस्त्यावर लोटणाऱ्यांशी आम्ही आमच्या पातळीवर बोललोय, दोघं ऐकतायत, तिसऱ्याचं बघू.

एक राहिलं. कोपऱ्यावरचा नवा बोर्ड झाडाच्या फांदीमागे गेलाय, बाहेरून येणाऱ्या पाहुण्यांना तो दिसतच नाही आणि बिचाऱ्यांच्या काचेवर चिठ्ठ्या लागतायत. फांदी छाटायला उद्यान विभागाची परवानगी लागेल असं ऐकलं, त्यापेक्षा बोर्डच पुढच्या खांबावर हलवला तर? अर्ज लिहून तयार ठेवलाय, पुढच्या आठवड्यात ऑफिसला येऊन देतो, तेव्हा भेटूच.

तुमचा,
विषम बाजूचा एक रहिवासी