वारसांच्या अर्जाला पोच द्या

मा. संपादक,
स. न. वि. वि.

माझे मामा गेल्या वर्षी जूनमध्ये मिरजेत वारले. ते अविवाहित होते आणि त्यांच्यामागे वारस म्हणून दोघी बहिणीच उरल्या आहेत, 78 वर्षांची माझी आई आणि 83 वर्षांची बेळगावची मावशी. मामांची साडेनऊ लाखांची मुदत ठेव एका बँकेत आहे. पावतीवर नामनिर्देशन होते, पण ते माझ्या आजीच्या नावे, आणि आजी 1998 मध्येच गेली, म्हणजे ते असून नसल्यासारखेच. दर नूतनीकरणाच्या वेळी तेच नाव पुढे चालत राहिले. बदलायला मामांना कोणी सुचवले नाही आणि त्यांच्याही ध्यानात आले नाही.

पहिल्या खेपेला बँकेने मृत्यूचा दाखला, आधार आणि पॅनच्या प्रती मागितल्या. त्या दिल्यावर मुद्रांकावर प्रतिज्ञापत्र आणि हमीपत्र हवे असे कळले, तेही दोघींच्या सह्यांनिशी. मावशी एसटीने मिरजेला आली. नोटरीपुढे सही करताना तिचा हात इतका थरथरत होता की आईने कागद दोन्ही हातांनी धरून ठेवला. चार दिवसांनी सांगण्यात आले की मावशीची सही पॅनकार्डावरच्या सहीशी जुळत नाही. पुढे अधिकारी बदलले आणि नव्या अधिकाऱ्यांनी थेट न्यायालयातून वारस दाखला आणायला सांगितले. यातले एकही म्हणणे आम्हाला लेखी मिळालेले नाही.

पैसे भलत्याच्या हाती जाऊ नयेत ही बँकेची काळजी रास्तच आहे. हमीपत्र त्यासाठीच घेतात. पण रिझर्व्ह बँकेने 26 सप्टेंबर 2025 रोजी काढलेल्या निर्देशांनुसार, नामनिर्देशन नसलेल्या खात्यातली रक्कम 15 लाखांपर्यंत (सहकारी बँकांत 5 लाखांपर्यंत) असेल आणि वारसांत वाद नसेल, तर साध्या पद्धतीने दावा निकाली काढायचा आहे, आणि वारस दाखल्याऐवजी कुटुंबाला ओळखणाऱ्या, बँकेला मान्य असलेल्या त्रयस्थ व्यक्तीचे निवेदनही चालते. बँकांनी हे 31 मार्च 2026 पर्यंत अमलात आणायचे होते. दाव्याला 15 दिवसांची मुदत असून बँकेमुळे उशीर झाल्यास रिझर्व्ह बँकेचा ‘बँक दर’ अधिक 4 टक्के अशा वार्षिक व्याजाची भरपाई आहे. पंधरा दिवसांची मुदत तर 2005 च्या परिपत्रकातही होती.

अडचण अशी की ही मुदत सर्व कागदपत्रे मिळाल्यापासून मोजली जाते. दर खेपेला तोंडी एक नवा कागद मागितला गेला, की पंधरा दिवस सुरूच होत नाहीत, आणि हातात पोच नसल्यामुळे उशीर कोणाचा हे वारसाला तक्रारीत दाखवताही येत नाही. मामांच्या पंधरा गुंठ्यांच्या वारस नोंदीचा अर्ज आम्ही महसूल खात्याच्या ई-हक्क या ऑनलाइन प्रणालीतून केला, तेव्हा अर्जाचा क्रमांक मिळाला, एक त्रुटी निघाली ती लेखी कळली, आणि नोटिशीची मुदत संपल्यावर फेरफार मंजूर झाला. तलाठी कार्यालयाच्या नावाने बोटे मोडण्याची आपल्याला सवय आहे, म्हणून हे मुद्दाम नमूद करतो.

माझी मागणी एवढीच आहे की वारसांनी अर्ज दिला त्याच दिवशी प्रत्येक शाखेने तारीख घातलेली पोच द्यावी, जे कागद कमी असतील त्यांची यादी एकदाच आणि लेखी द्यावी, आणि ती पूर्ण झाल्यावर नवा कागद मागायचा असेल तर शाखा व्यवस्थापकाने कारण लिहून सही करावी. हे प्रत्यक्ष काउंटरवर घडते की नाही, याची तपासणी रिझर्व्ह बँकेने करावी.

मावशीला आता मिरजेला येणे झेपणार नाही. तिची सही बेळगावच्या शाखेत घ्यावी, असा अर्ज आम्ही तीन आठवड्यांपूर्वी दिला आहे. त्याचीही पोच मिळालेली नाही.

आपला,
एक वाचक, मिरज